झाकण

अबोय अस्फहांची फियाट
गिंदाच्या पुढे, चढाच्या तिसऱ्या वळणावर थांबते.
दर वेळी तिथेच, त्याच निवडुंगापाशी.
"तिला तिथे कोणीतरी दिसतं," ते म्हणाले.
मी हसले नाही.
गाडीवाल्याचं पहिलं वाक्य खोटं असतं,
पण टाकाऊ नसतं.

कशी थांबते? मी विचारलं.
फुंकर मारल्यासारखी, एकदम?
की आधी उचक्या, मग अडखळणं,
मग "टेकू दे जरा" म्हणत रस्त्याच्या कडेला?
उचक्या, ते म्हणाले.
म्हणजे ठिणगी ठीक आहे.
वीज जाते ती एका झटक्यात.
तहान वेळ घेते.

अस्मारात, माझ्या गॅरेजच्या दारात
ती शहाण्या मुलीसारखी घुरघुरत राहिली.
दुखणं बघायचं तर ते दुखतं तिथवर जावं लागतं.
गेलो. घाट उतरून गिंदाला कॉफी प्यालो,
आणि मग चढाला लागलो.
खालून धुकं येत होतं, समुद्राचा वास नसलेलं.
पहिलं वळण. दुसरं.
तिसऱ्यावर तिला पहिली उचकी लागली
आणि अबोयनी माझ्याकडे असं पाहिलं
जणू माझ्यामुळेच.

बॉनेट उघडण्याआधीच त्यांच्या हातात ओलं फडकं.
या रस्त्यावर सगळे हेच करतात:
पेट्रोल नळीत उकळतं म्हणायचं,
पंपाला पाणी पाजायचं, वाट बघायची.
पाव तासानं ती सुरू झाली.
"बघ," ते म्हणाले.
चौथ्या वळणावर पुन्हा मेली.
फडक्याला उगाच श्रेय मिळालं होतं इतकी वर्षं,
काम केलं होतं त्या पाव तासानं.
पण पाव तासात बदलतं काय?

कार्ब्युरेटरची नळी सोडली, खाली टोमॅटोचा रिकामा डबा धरला.
"मारा स्टार्टर."
डब्यात तीन थेंब. मग एक. मग नुसता आवाज.
काचेची वाटी स्वच्छ. जाळी स्वच्छ.
पंपाकडे येणारी नळी सोडली,
टाकीकडे उलट फुंकर मारावी म्हणून तोंडाशी नेली
आणि मी फुंकण्याआधीच
नळीनं माझा ओठ आत ओढला.

मी तशीच उभी राहिले, ओठ अडकलेली,
हातानेच खुणावलं: झाकण. मागचं झाकण फिरवा.
त्यांनी किल्ली लावली.
मागून लांबलचक सुस्कारा आला,
सगळे पाहुणे गेल्यावर घरातली बाई सोडते तसा,
आणि माझा ओठ सुटला.

झाकण नवं होतं. चकचकीत, कुलपाचं.
सेनायनं माल्मोहून पाठवलेलं,
कोणी पेट्रोल चोरू नये म्हणून.
जुन्याला मध्यावर सुईएवढं भोक होतं.
ते झाकण अबोयनी फेकून दिलं होतं: भोक पडलंय म्हणून.

उरलेला घाट आम्ही झाकण सैल ठेवून चढलो.
गाडीत पेट्रोलचा वास, नेफासितला माकडं,
ती एकदाही अडखळली नाही,
आणि अबोय एक शब्द बोलले नाहीत.
अस्मारा दिसू लागल्यावर म्हणाले,
"त्यानं तर जपण्यासाठीच पाठवलं होतं."
मी म्हटलं, हो.
दुसरं काय म्हणणार.

गॅरेजमध्ये मी झाकण शिकंजात धरलं,
जबड्यांना आधी चिंधी लावली, ओरखडा नको म्हणून.
एक मिलिमीटरचं ड्रिल.
दोन-तीन चंदेरी कीस माझ्या नखांत गेले.
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, रविवार होता.
ते दाराबाहेर गेले, पाठ करून उभे राहिले,
आणि वाकून, मोठ्यानं,
समुद्रापलीकडे ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले:

हो रे.
बसलं की.
अगदी घट्ट बसलंय.