घर उघडे, वापर नाही

बाबा बडोद्याच्या गॅस खात्यात मीटर वाचायचे.
रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा,
खाकी पिशवी, कार्बन घातलेली वही,
जिन्याखालच्या अंधारासाठी टॉर्च.
ज्योत त्यांनी क्वचितच पाहिली. आकडे पाहिले.

मीही तेच करते आता.
रेडिओ दुर्बिणीच्या फायली उघडून लिहिते
कुठल्या दीर्घिकेत किती हायड्रोजन,
आणि शेजारच्या रकान्यात
तिथे वर्षाला किती तारे.
आपल्या आकाशगंगेचं बिल तसं बेताचंच,
वर्षाकाठी एकदोन सूर्यांएवढं.

परवा जेवताना म्हटलं, बाबा,
एक ठिपका रेषेवर बसतच नाही.
गॅस उदंड, तारे जवळजवळ नाहीत.
त्यांनी आमटी भुरकली.
म्हणाले, फणसेबाईंचं घर.

तिसरा मजला. मुलं टोरांटोला.
पाइपात दाब पुरा, गळती कुठे नाही,
आणि मीटर तीन वर्षं एका आकड्यावर.
बाई डबा मागवायच्या.
एकटीसाठी काय पेटवायचं, म्हणायच्या.

मी सांगू लागले,
नुसता असून भागत नाही, बाबा.
तो दूरदूर पातळ पसरलेला असतो.
आधी निवावा लागतो,
निवून जवळ यावा लागतो,
इतका दाट, की स्वतःच्याच भाराने कोसळावा.
मग कुठे तारा.

आधी थंड? त्यांचा घास हातातच राहिला.
नळी, चावी, काडी यांत गेलेलं आयुष्य
त्यांनी एकदा उलटं करून पाहिलं असावं.

आणि मांडवीपाशी तो सेव-उसळवाला,
मोठा बर्नर, दिवसभर धडधडता?
तशाही असतात, म्हटलं. भराभर तारे,
आणि लवकर रिकाम्या.
ते हसले. त्याची थकबाकी अजून आहे म्हणाले.

मग ताट सरकवून, उगाचच हळू आवाजात:
चहा घेता का, बाई दर खेपेला विचारायच्या.
नको म्हणायचो. ड्यूटीवर घ्यायचा नसतो.
एकदा घेतला.
उतरताना टॉर्च मारून पाहिलं,
शेवटचा लाल अंक
जरासा कलला होता.

रात्री फाइल उघडली.
सोबतचा मुलगा म्हणतो, तो ठिपका काढून टाक,
रेष सरळ येईल.
काढला नाही.
शेऱ्याच्या रकान्यात
बाबा लिहायचे तेच लिहिलं.