ऐंशीचा लाल

दर शनिवारी, कॉफीनंतर,
मी काचेच्या नळीत पाच मिली पाणी घेतो.
पहिल्या बाटलीतले दहा थेंब. उलटी, सुलटी.
दुसरी बाटली आधी अर्धा मिनिट दणकून हलवायची,
नाहीतर तळाला बसलेलं औषध तळालाच राहतं
आणि नळी पिवळं खोटं बोलते.
मग थांबायचं. पाच मिनिटं.

एवढ्यात ब्लाझेना विचारते, आज वार कोणता?
शनिवार, मी म्हणतो.
पाच मिनिटांत तीनदा शनिवार.

एकतीस वर्षं मी ओस्त्रावाच्या खाणीत पंपावर होतो.
सहाशे मीटर खाली पाणी कुणाला विचारून येत नाही.
आपण उपसत राहायचं,
वरची माणसं कोळसा मोजायची.
आता माझ्याकडे दोनशे लिटर आहे,
चौदा निऑन, सहा कोरिडोरास,
आणि एक गोगलगाय, जी मी आणलेली नाही.

नोव्हेंबरात नळी लाल झाली.
तक्त्यावर शेवटून दुसरा चौकोन, ऐंशी.
मी अर्धं पाणी बदललं. बादलीमागून बादली,
गुडघा कुरकुरत होता तरी.
वाळू उपसली. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळला,
नळाखाली नाही, तेवढं मला कळतं.
नळाचं पाणीही तपासलं. ते बिचारं जेमतेम दहा.
मासे मोजले: कुणी दगडाआड मरून पडलंय का?
सगळे हजर.
पुढच्या शनिवारी पुन्हा लाल.
कुठेतरी पाणी मुरतंय, मी मनाशी म्हटलं.

मंगळवारी पहाटे तीनला कूस बदलली तर
शेजारी उशी गार.
बाहेरच्या खोलीत टाकीचा दिवा चालू,
ती झोपायच्या झग्यात, एका पायात चप्पल,
आणि डब्यातून चिमूट, चिमूट, चिमूट.
"उपाशी आहेत रे," ती म्हणाली,
"दिवसभर कुणी विचारलं नाही त्यांना."
आणि ते लबाड चौदाच्या चौदा
तोंडं उघडून वर आले होते,
जणू खरंच.

मग हिशोब लागला.
डबा तीन आठवड्यांत का संपतो ते.
मी आपला कारखान्याला शिव्या घालत होतो,
की हल्ली भरतात कमी.

राडका ब्रनोहून फोनवर म्हणाली, डबा लपवा, बाबा.
लपवला. एक दिवस.
तिनं टॉवेलांच्या घड्या उलगडल्या, ओव्हन उघडून पाहिला,
खुर्चीवर बसून रडली,
आणि मी खाली कचरा टाकायला गेलो तेवढ्यात
कालचा पाव कुस्करून टाकीत सोडला.
तो उपसायला रात्रीचे अकरा वाजले.

तेव्हापासून सकाळी मी डब्यात एकच चिमूट ठेवतो.
बाकीचं माझ्या कोटाच्या खिशात, कागदाच्या पुडीत.
ती रिकामा डबा पाण्यावर झटकते,
झाकण लावते, बोटं झग्याला पुसते.
मासे वर येतात, काही नाही म्हणून खाली जातात.
ते कुणाला सांगत नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या कुबिचकोवाबाईंनी
मनी प्लँटची फांदी दिली.
ती टाकीच्या कडेला अडकवली, मुळं पाण्यात, पानं हवेत.
झाड ते विष पितं म्हणाल्या, त्याला तेच अन्न.
मला पटलं नव्हतं.
आता मुळं वीतभर झालीत, पांढरी, केसांसारखी,
आणि ब्लाझेना रोज नव्यानं विचारते,
हे कुणी लावलं? छान धरलंय.

आज चाळीस. नारिंगी.
पूर्वी चाळीसला मी नापास म्हणायचो.
वीसच्या खाली आणायचं तर
अर्ध्याऐवजी दोन बादल्या जास्त, किंवा तिला
रात्री दार लावून ठेवायचं.
दोन बादल्या जास्त.

खिशाला वास येतो मात्र.
ट्राममध्ये माझ्या शेजारचा माणूस सरकून बसतो.
बसू दे.