पाठ

ज्या वर्षी खोल्याच्या किल्ल्यावर मद्रासचे तीन ट्रक आले
आणि सांत आंतोनच्या कपेलापलीकडे
पुठ्ठ्याचं सिंहद्वार उभं राहिलं,
त्या वर्षी पुनोकाका तेवीस वर्षांचा होता.
देवळाच्या नाटकात दरवर्षी खलनायक:
पांगाऱ्याची तलवार, तिला विडीच्या बंडलातला चंदेरी कागद,
तिसऱ्या अंकात मरण.
मरायचा असा, की मरणाला वन्स मोर.

मास्तर चिन्नदुरैंनी तटावर गावाची रांग लावली
आणि सगळ्यांना वळून उभं केलं.
तोंडं कोणी पाहिलीच नाहीत.
निवडली गेली ती पुनोची पाठ.
राजपुत्राच्या वैऱ्याची पाठ.

खरा वैरी सावलीत बसून
डोळ्यांत काजळ घालून घेत होता.
ज्या राजकन्येसाठी हे सगळं रक्त,
ती छत्रीखाली शहाळं पीत होती,
काजूच्या मोहोरानं तिला सारख्या शिंका येत होत्या.

पुनोनं तटावरून पडायचं होतं.
खाली पेंढा, पेंढ्यावर रापणीची जुनी जाळी,
पेंढ्याखाली खडक,
आणि पलीकडे समुद्र, ज्याला कोणी सांगितलं नव्हतं
की हा सिनेमा आहे.
पडता पडता एक शब्द ओरडायचा: विडादे!
अर्थ? मास्तर हसले. आवाज मागाहून दुसऱ्याचा लागणार होता.
तरी त्यानं रात्रभर घोकून तो पाठ केला.
अकरा वेळा पडला.
बाराव्या वेळी सूर्य जागेवर सापडला.
सोळा रुपये मिळाले,
डावा खांदा कायमचा एक बोट खाली.

शब्द घरात राहिला.
खाजणाचा बांध खचू लागला की माणसांना: विडादे!
माडावरच्या पोराला, घागर ओढणाऱ्या काकूला,
दाव्याला हिसका देणाऱ्या पाड्याला.
आम्हांला वाटायचं, शिवी आहे.

तीस वर्षांनी वास्कोला,
रविवारी सकाळी नऊच्या खेळाला नेलं मी त्याला.
सगळं थेटर बंदरातल्या तमिळ माणसांचं,
खिशात इडलीच्या पुड्या.
पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस. त्या पावसातून
नायक झुंबराला लोंबकळत आला, शिट्ट्या,
राजकन्या सज्जात, शिंक नाही,
तलवारी पत्र्यासारख्या वाजल्या (पत्र्याच्याच होत्या)
आणि तटाच्या कडेवर ती पाठ.
दीड सेकंद.
भलत्याच कोणाचा जाड आवाज: विडादे!

काकानं शेजारच्या क्रेनवाल्या आरोक्यसामीला विचारलं,
म्हणजे काय रे?
तो म्हणाला, सोडू नको.

काका बराच वेळ गप्प.
मग मला म्हणाला, मी तर पडत होतो.
सांगत कोणाला होतो?

मध्यंतरात, तो मी, असं सांगून पाहिलं त्यानं.
आरोक्यसामी हसला, मागची रांग हसली.
रणात पाठ दाखवू नये, हे वाक्य
ज्यानं देवळापुढे शंभरदा म्हटलं असेल
तो माझा काका उठला, सदरा काढला,
आणि थेटरला पाठ दाखवली.

कोणीतरी त्या उतरलेल्या खांद्यावर बोट ठेवलं.
कोणीतरी शिट्टी घातली, ती चेष्टेची की खरी
ते अजून ठरलेलं नाही आमच्यात.
दिवे गेले. तो तसाच उभा,
सदरा हातात, नायकाच्या लग्नाची वरात
त्याच्या पाठीवरून चाललेली,
आणि मागून तमिळमध्ये कोणी ओरडलं, बस की खाली.

याचा अर्थ त्यानं विचारला नाही.