न लावलेली खूण

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, सहकारी संस्थेच्या खोलीत
सुन्नवा फॉर्म बांधते आहे:
प्रत्येक होडीखाली तिची माणसं,
तीच माणसं पुन्हा दुसऱ्या होड्यांखाली,
आणि मधे एक अरुंद तक्ता,
ओळीत दोनच आकडे. नात्याला नाव नाही.

हानुसने समुद्र सोडला. गुडघे.
स्वतःच्या खुणा त्याने एकेक करून काढल्या,
‘जतन करा’ दाबलं.
पान उघडलं, तर चारही होड्यांवर पुन्हा तोच.

रिकामा चौकोन काही पाठवतच नाही, ती म्हणाली,
सर्व्हरला वाटतं, बदल नाही.
‘गप्प बसलं की होकार,’ हानुस हसला,
‘माझं लग्नही असंच ठरलं.’

मग तिने एक अदृश्य रकाना घातला,
ज्यात काही नाही,
पण जो जातो
आणि दारात उभा राहून तेवढंच सांगतो.

मधल्या तक्त्यातून चार ओळी गेल्या.
हानुस यादीत आहे. होड्याही आहेत.
फक्त ‘स्कार्वुर’च्या चौकोनात
बरोबरच्या खुणेजागी आडवी रेघ आली:
काही माणसं आहेत, सगळी नाहीत.

ती रेघ त्याने अंगठ्याने पुसून पाहिली.
काचेवर मिठाचा ठसा उमटला.