कूळ कळलं

फुलवाल्याच्या पुडीतून आली.
झेंडू, दोन जास्वंदी, दूर्वांची जुडी, मूठभर तगर,
आणि कशाच्या तरी देठाला चिकटलेला
पेराएवढा हिरवा जीव,
शेपटीवर काळं शिंग.
पुडी हातून पडली. मग उचलली.
मी एमवायच्या पॅथॉलॉजीत असते,
न ओळखलेलं फेकायची सवय नाही.

लौंगसेवेची बरणी रिकामी केली,
तापल्या दाभणानं झाकणाला भोकं पाडली.
झेंडूचं पान दिलं. नाही.
दूर्वा, नाही.
जास्वंदीपाशी थांबली आणि वळली,
मुलगी बघायला आलेल्यांनी चहा न घेता उठावं तशी.
रात्री ड्यूटीला निघताना
तगरीचं एक पान सहज आत सरकवलं.
सकाळी मधली शीर तेवढी उरलेली.
तळाशी लेंडी. भिंगाखाली धरली,
सहा कंगोरे, नीट कातलेले.
एवढ्याशा पोटात हा साचा कुणी बसवला?

तगर बिल्लोरे भाभींच्या कुंपणाला आहे.
त्या चांदनी म्हणतात.
"फूल ले जाओ, पर इत्ते पत्ते?"
काढा करते, म्हटलं.
रोज खोटं बोलायला लावलं तिनं.
पान तोडलं की पांढरा चीक, माझ्या बोटांना खाज;
तोच चीक पिऊन ती अंगठ्याएवढी झाली,
कात टाकली, टाकलेली कात खाल्ली,
आणि मानेमागे दोन निळे डोळे रोखले.
खोटे. खरे पुढे, खाली, मोहरीहून बारीक.
दिवसाला शंभर काचपट्ट्या बघणारी मी
दर वेळी हात मागे घ्यायची.

पुण्याच्या जाऊबाईंचा फोन: अळी पाळलीस? कसली?
माहीत नाही, म्हटलं.
माझ्या लग्नात त्यांनीच विचारलं होतं, तुम्ही कुठले?
इंदूरचे. पणजोबांपासून.
"ते झालं गं. पण मूळचे?"

बाराव्या दिवशी ती करपली.
पाठ तव्यावर विसरलेल्या पोळीसारखी.
औषध मारलेलं पान गेलं असेल.
भाभींना विचारावं तर काढ्याचं बिंग फुटतं.
मोघे सरांना फोन लावला, होळकर कॉलेजचे,
आता घराबाहेर फारसे पडत नाहीत.
"खाणं सोडलं?"
सोडलं.
"येरझाऱ्या घालते?"
रात्रभर, बरणीच्या काठाकाठानं.
"मग माती द्या."
मी मटकन खाली बसले.
"अहो, तशी नव्हे. कुंडीतली. चार बोटं. वर पाचोळा."

मग सोळा दिवस काही नाही.
इस्त्रीच्या बाटलीनं पाचोळ्यावर फवारा मारायचा,
कान लावायचा, उगीच.
ह्यांनी दोनदा विचारलं, बरणी लागते का अजून?

सतराव्या दिवशी रात्रपाळी करून आले
तर ती पडद्यावर.
मेंदीचा हिरवा, त्यात धुतलेला गुलाबी,
मधून एक फिकट लाट;
आईच्या महेश्वरीचा काठ असा होता,
तो कुणी नेला आठवत नाही.
सगळं अंग थरथरत होतं, पंख तापवायला,
फ्रिज सुरू होतो तसा आवाज.
मी पर्स न काढता उभी राहिले.
खिडकी उघडी होती. मी उघडली नव्हती,
असं मी सगळ्यांना सांगते.

सर संध्याकाळी आले, तीन जिने, दोनदा थांबून.
रिकामा कोश तळहातावर घेतला.
"कूळ सांगतो. लांब उडणाऱ्यांपैकी.
नाव मात्र पंखांवरून ठरतं,
ते तुम्ही पाहिलेत."
पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं, चाळीस चित्रं,
तीन हिरवी.
मी बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.
लॅबमध्ये असा रिपोर्ट मी कधी सोडला नसता.

बरणीत परत लौंगसेव आहे. कोणी खात नाही.
आणि पुडी आता आधी दिव्याखाली सोडते,
तगरीचं एकेक पान उलटून बघते.
देव थांबतात.