सातवी पायरी

रौमाच्या गोदीत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
माझ्या टेबलावर जीवरक्षक होडीचं पुस्तक,
बत्तीस पानं, चौथा मसुदा,
समासात पाय ठेवायला जागा नाही.

तेल्लेर्वो, हायड्रॉलिक्सची, जांभळ्या शाईत:
‘झडप आधी उघडा.’
त्याच ओळीला लटकून ओन्नी, सुरक्षेचा:
‘झडप नंतर. कृपया.’
त्या कृपयाला दात होते.
कायदेवाल्या बाईंनी प्रत्येक ‘ओढा’ खोडून
‘ओढणे अपेक्षित आहे’ केलं,
जणू बुडणाऱ्यापाशी वेळच वेळ.

मी तक्ता मांडते. माझं कामच ते.
कोण म्हणालं, काय म्हणालं, घेतलं की नाही,
आणि नाही तर का नाही.
हा शेवटचा रकाना रिकामा सोडला
की तज्ज्ञ पुढच्या खेपेला ‘छान आहे’ एवढंच लिहितो.
त्या ‘छान’ची मला शिवीपेक्षा जास्त भीती वाटते.
‘ओढा’ परत आणलं. कारण: पाणी थंड असतं.

शेवटी दोघांना एका खोलीत बसवलं,
मध्ये कॉफी, वेलदोड्याचे पाव.
वीस मिनिटं दोघंही बरोबर होती.
मग ओन्नीने कागदी रुमालावर चित्र काढलं
आणि तेल्लेर्वो म्हणाली, ‘अरे, ही झडप?’

दोन झडपा होत्या.
चार मसुदे मी त्या दोघींना एकाच नावाने हाक मारत होते.
कोणी हसलं नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

उरला उर्हो. दुरुस्तीवाला, निवृत्तीला एक हिवाळा बाकी.
त्याची प्रत कोरी परत आली होती.
मी तक्त्यात लिहूनही टाकलं: अभिप्राय नाही.
छापायला द्यायच्या आदल्या संध्याकाळी
पानं जुळवताना दिसला
सातव्या पायरीवर ग्रीसचा अंगठा,
रेषान् रेषा उमटलेला.

धक्क्यावर गेले. वारा कान कापत होता.
उर्होने मला होडीत चढवलं,
त्याचे हातमोजे दिले, माझ्या दुप्पट,
डाव्या हातात दोर दिला: ‘सोडायचा नाही.’
मग म्हणाला, ‘वाच.’
मी माझंच वाक्य वाचलं:
‘दोन्ही हातांनी खटका ओढा.’
तो बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला.
‘तिसरा हात पुस्तकासोबत मिळतो का?’

‘मग लिहिलं का नाहीस?’
‘पान उघडं ठेवून करत गेलो. इथं अडलो.’
त्याच्या लेखी हेच लिहिणं.

रात्री तक्त्यात अठ्ठेचाळिसावी नोंद.
कोण: उर्हो. काय: अंगठा. घेतला.
कारणाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.
डाव्या तळव्यावर दोराचा वळ होता अजून.
तो हात मी मांडीवर ठेवला
आणि उजव्याने एकेक अक्षर टाईप करून पाहिलं.
जमतं.
वेळ लागतो.