काय तरंगतंय ते सांग

जूनचा पहिला आठवडा. प्लानिनाच्या कुरणात
उनित्सा इतकी संथ, की ती वाहते की नाही
हे तिच्या तळच्या गवताला विचारावं लागतं.
गुहेतून येते, पुन्हा जमिनीतच बुडते,
मधल्या एवढ्याशा उजेडात आम्ही दोघं:
लोव्हरेन्त्स, रिटायर पोस्टमन, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू,
आणि अकरा वर्षांची मी, त्याची नजर.
पगार, संध्याकाळी एक मधाची गोळी.

"काय तरंगतंय ते सांग."
माश्या, म्हटलं.
"माश्या खाटकाकडेही असतात. नीट सांग."

मग मी नीट सांगायला शिकले.
पंख उभे, पाठीवर मिटलेले.
रंग कच्च्या सफरचंदाच्या सालीत राख कालवल्यासारखा.
शेपटीचे केस तीन. दोनदा मोजले.
"एकदिवशी," तो म्हणाला,
जणू ओळखीचं आडनाव पाकिटावर वाचलं.

डबी उघडली. मेणाचा, ओल्या कुत्र्याचा वास.
रांगेनं खोट्या माश्या: हरणाचे केस,
कोंबड्याच्या मानेची पिसं,
आणि बदकाच्या शेपटीच्या मुळाशी, तेलाच्या गाठीजवळची
ती राखाडी लव, जी भिजायचं नाव घेत नाही.
बोटं जाड झालेली, म्हणून तो ओठाला लावून ओळखायचा.
ही नाही. ही नाही. ही गेल्या वर्षीची, हिचा गळ गंजलाय.
ही. बारा नंबर. उभ्या पंखांची.

दोरा मी ओवला. गाठ थुंकी लावून आवळली.
त्यानं फेकली, आणि ती पाण्यावर अशी टेकली
की खरी कुठली, मलाही कळेना.
ट्राउटला कळलं.
वर आला, नाक तिच्याखाली धरून
वीतभर सोबत वाहिला,
आणि मागाहून कळवतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा
गेला तो गेलाच.

तीनदा असंच.
उभे पंख शेकड्यांनी जात होते त्याच्या डोक्यावरून,
एकालाही तो शिवत नव्हता.
"पाण्यावर नको बघू," लोव्हरेन्त्स म्हणाला,
"पाण्याच्या सालीत बघ."

काठावर पालथी पडले, हनुवटी चिखलात.
तेव्हा दिसल्या. कात अर्धीच सुटलेल्या.
एक पंख बाहेर, दुसरा आत चुरगळलेला,
स्वेटर डोक्यातून काढताना अडकलेल्या पोरासारख्या
धडपडत, वाहत.
तो यांनाच खात होता.
उडता येणाऱ्यांच्या मागे कशाला लागेल?

मी सांगितलं. तो जरा वेळ काहीच बोलला नाही.
मग खिशातून नखं कापायची कात्री काढली
आणि त्याच माशीचं पोट भादरलं, खालची पिसं साफ.
"फारच छान तरंगत होती," म्हणाला. "तोच दोष."

आता ती छातीपर्यंत बुडाली. जेमतेम दिसेना.
सूप पिताना होतो तसा एक आवाज.
मला दिसायच्या आधी त्याला ऐकू आला,
काठी वाकली, आणि म्हातारा गुडघाभर पाण्यात शिव्या देत हसत होता.

जाळीत घेतला. सोडायच्या आधी विचारलं, "लाल ठिपके किती?"
सतरापर्यंत मोजले, तेवढ्यात सुळकन निसटला.
"सतरा लिही," म्हणाला. लिहायला वही कुठे होती?

सावल्या कुरणभर पसरल्या तशा त्या परतल्या,
दुसऱ्यांदा कात टाकलेल्या, पंख आता काचेचे,
अंडी सोडायला, आणि मग पडायला.
एक मनगटावर बसली. अगदी जवळून पाहिली.
हिला तोंडच नाही, मी ओरडले.
"जेवायला वेळ कुठे? माझंही तसंच होतं,
डिसेंबरात, नाताळची कार्डं वाटताना."

मग पुन्हा तेच, "काय तरंगतंय?"
खरं सांगायचं तर काहीच दिसत नव्हतं.
नदी काळी, वर नुसते टप टप गोल.
तसं सांगितलं.
"मग पंख आडवे," तो म्हणाला,
आणि डबीच्या शेवटच्या रांगेतून
एक माशी ओठाला न लावताच उचलली.

दोरा मात्र मलाच ओवायचा होता.
गळाचं भोक आभाळासमोर धरून
मी उजेडाची शेवटची टिकली शोधत राहिले,
आणि तो, घाई न करता,
माझ्यासाठी गोळीचा कागद सोडवत होता.